फ्यूज उडाला, पण का उडाला?

चालत्या गाडीत मोबाइल चार्ज होणं थांबतं. हॉर्न दाबला तर आवाज येत नाही. ऐन पावसात वायपर काचेच्या मध्यावर थबकतात. अशा वेळी बहुतेकांच्या मनात आधी मोठा खर्च येतो: मोटर गेली असेल, वायरिंग जळालं असेल. पुष्कळदा कारण असतं दहा-वीस रुपयांचा एक उडालेला फ्यूज. तो शोधून बदलायला पाच-दहा मिनिटं पुरतात, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे काम यायला हवं असं माझं ठाम मत आहे. मात्र नवा फ्यूज बसवला की काम संपलं असं समजू नये. जुना का उडाला हे शोधणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच बहुतेकजण सोडून देतात.

फ्यूज कशासाठी असतो, हे आधी नीट समजून घेऊ. तो दिवा किंवा मोटर वाचवण्यासाठी असतो असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर तो मुख्यतः वायर वाचवतो. गाडीतली प्रत्येक वायर तिच्या जाडीनुसार ठरावीक करंट सोसू शकते. त्याहून जास्त करंट वाहू लागला की वायर तापते, वरचं आवरण वितळतं, आणि डॅशबोर्डमागच्या गुंत्यात, गालिचा आणि फोमच्या शेजारी ठिणगी पडते. म्हणून त्या मार्गात मुद्दाम एक कमकुवत जागा ठेवलेली असते. वायर तापून बिघडण्याआधी फ्यूजमधली पट्टी वितळून तुटते आणि करंट थांबतो. मार्गावर कायमचा जो भार असतो, त्यापेक्षा फ्यूज थोडा मोठा आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान, असा हिशेब कारखान्यातच केलेला असतो.

या हिशेबात आपण हात घालतो तेव्हा गाडीला आग लागण्याची वेळ येते. आपल्याकडे ही सवय जुनी आहे. घरोघरी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते तेव्हा फ्यूजची बारीक तार सारखी वितळते म्हणून त्या जागी वायरीतले तांब्याचे चार पदर पिळून बसवणारे लोक प्रत्येक वाड्यात आणि चाळीत असत. तीच हातोटी गाडीतही आली. उडालेल्या फ्यूजच्या पायांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, तांब्याची तार पिळायची, नाहीतर 10 अँपिअरच्या जागी 30 चा फ्यूज दाबून बसवायचा. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या क्षणापासून त्या मार्गातली सगळ्यात कमकुवत जागा फ्यूज राहत नाही, वायर होते. अमुक अँपिअरचा फ्यूज गेला तर त्या जागी तेवढ्याच अँपिअरचा बसवायचा, हा नियम. अडचणीच्या वेळी कमी अँपिअरचा चालेल. फार तर तो पुन्हा उडेल. जास्तीचा कधीच नको.

आता बिघाड फ्यूजचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे गाडीत बसल्या बसल्या बरंचसं ओळखता येतं. दोन हेडलाइटपैकी एकच बंद असेल तर आधी बल्ब पाहा. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज असतात, म्हणून बल्ब ठीक निघाला तर त्या बाजूचा फ्यूज तपासा. दोन्ही एकदम गेले असतील तर दोन्ही फ्यूज एकाच क्षणी उडण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी संशय रिलेवर (म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) किंवा दिव्यांच्या स्विचवर घ्यावा. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी एकदम बंद पडल्या, उदाहरणार्थ हॉर्न आणि ब्रेक लाइट, किंवा टेल लाइट आणि मीटरमागचा उजेड, तर मात्र फ्यूजच गेला असण्याचा संभव मोठा, कारण एकाच फ्यूजवर अशी दोन-तीन कामं दिलेली असतात. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून येणारी पेट्रोल पंपाची बारीक घरघरही ऐकू येत नाही, तर पंपाचा फ्यूज पाहायला हरकत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबूनही गिअरचा दांडा ‘पी’मधून हलत नसेल तर अनेक गाड्यांत त्याचं कारण ब्रेक लाइटच्या फ्यूजमध्ये सापडतं, ब्रेक दाबल्याचा संदेशच पुढे पोचत नाही. आणि काहीच लागत नसेल, ना दिवे, ना हॉर्न, ना सेल्फ, तर लहान फ्यूज शोधत बसू नका. आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल बघा.

फ्यूज बॉक्स साधारणपणे दोन असतात. एक बोनेटखाली, बॅटरीच्या आसपास, काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली. तिथे मोठ्या भाराचे फ्यूज आणि रिले असतात: रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, एसीचा कॉम्प्रेसर, एबीएस. दुसरा आत, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला किंवा गुडघ्यांजवळच्या झाकणामागे. काही गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे दडवलेला असतो. कुठला फ्यूज कशाचा, याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. नकाशावरची नावं इंग्रजीत आणि संक्षिप्त असल्याने घोटाळा होतो. ‘स्टॉप’ म्हणजे ब्रेक लाइट, ‘टेल’ म्हणजे पार्किंगचे आणि मागचे दिवे, ‘डोम’ म्हणजे आतला छताचा दिवा, ‘एसीसी’ म्हणजे चावी पहिल्या टप्प्यावर असताना चालणाऱ्या गोष्टी, जसा रेडिओ. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं. त्यातल्या फ्यूजच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. रात्री घाटात रेंज नसेल तेव्हा ते पान तुमच्याजवळ असायला हवं.

आजच्या गाड्यांत फ्यूज दोन चपट्या पायांचे, रंगीत पारदर्शक प्लास्टिकचे असतात. जुन्या पद्मिनी-अँबॅसडरच्या काळातले काचेच्या नळीचे आणि चिनीमातीच्या कांडीचे फ्यूज आता फक्त हौसेने जपलेल्या गाड्यांत दिसतात. रंगावरून क्षमता कळते: 5 अँपिअर फिकट तपकिरी, 7.5 गडद तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा म्हणजे पारदर्शक, 30 हिरवा. आकडा फ्यूजच्या डोक्यावरही छापलेला असतो, आणि रंगापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवावा, कारण अंधारात टॉर्चच्या उजेडात दोन तपकिरी सारखेच दिसतात. आकार मात्र वेगवेगळे आहेत. नेहमीचा, त्याहून लहान मिनी, आणि पाय जवळजवळ प्लास्टिकच्या आतच संपतात असा बुटका मिनी. हे एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. दुकानात जाताना आपल्या गाडीतला एक फ्यूज नमुन्याला न्यावा, हे सगळ्यात सोपं.

प्रत्यक्ष काम असं करायचं. गाडी सपाट, सुरक्षित जागी लावा, रस्त्यावर असाल तर धोक्याचे दिवे लावा आणि मागे त्रिकोण ठेवा. इंजिन बंद, चावी बंद, जी वस्तू चालत नाही तिचा स्विचही बंद. नकाशावर जागा शोधा, आणि हात लावण्याआधी सगळ्या बॉक्सचा एक फोटो काढा. झाकणात किंवा बॉक्सच्या कडेला प्लास्टिकचा छोटा चिमटा खोचलेला असतो. फ्यूजचं डोकं त्यात धरून सरळ वर ओढा. चिमटा नसेल तर बोटांनी, पण लोखंडी पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. चावी बंद असली तरी हॉर्न आणि धोक्याच्या दिव्यांसारख्या काही फ्यूजना करंट असतोच. 12 व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण शेजारच्या दोन पट्ट्यांवर लोखंड टेकलं तर जागच्या जागी शॉर्ट होईल. एका वेळी एकच फ्यूज काढा, पाहा, परत बसवा, मग पुढचा. चार फ्यूज हातात घेऊन कुठला कुठे होता हे आठवत बसण्याची पाळी येऊ देऊ नका.

काढलेला फ्यूज उजेडाकडे धरला की आतली वाकडी पट्टी दिसते. ती अखंड असेल तर फ्यूज बहुधा चांगला, तुटली असेल तर उडालेला. ती कशी तुटली आहे हेही बघा, कारण त्यातून पुष्कळ कळतं. पट्टी मधोमध वितळून थोडीशी फट पडली असेल, प्लास्टिक स्वच्छ असेल, तर क्षमतेपेक्षा थोडा जास्त भार बराच वेळ राहिला असण्याची शक्यता असते. पट्टी उडून आतून काळं झालं असेल, धातूचे शिंतोडे दिसत असतील, तर कुठे तरी थेट शॉर्ट झालं आहे. आणि पट्टी शाबूत, पण प्लास्टिक पायांपाशी वितळून तपकिरी झालं असेल, तर तिथला संपर्क सैल आहे आणि तिथेच उष्णता तयार होते. असा सैल खाचा फ्यूज बदलून सुधारत नाही. तो इलेक्ट्रिशियनला दाखवावा लागतो.

डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. कधी पट्टी पायाच्या मुळाशी तडकलेली असते आणि वरून दिसतच नाही. मल्टिमीटर असेल तर तो बीपच्या खुणेवर ठेवून काढलेल्या फ्यूजच्या दोन पायांना टोकं लावा. बीप वाजला तर फ्यूज चांगला. फ्यूज न काढताही तपासता येतो. डोक्यावर दोन बारीक छिद्रांतून धातूचे ठिपके दिसतात. 12 व्होल्टच्या टेस्टरची क्लिप गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा, चावी चालू करा, आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर करंट तिथपर्यंत येतच नाही, दोष आणखी मागे आहे, किंवा ज्या स्विचमागून त्या फ्यूजला करंट मिळतो तो स्विच बंद आहे. घरातला स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर इथे चालत नाही. त्यातला निऑनचा दिवा 12 व्होल्टवर पेटतच नाही, आणि ‘करंटच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नवा फ्यूज बसवताना तो सरळ, पाय खाच्यात पूर्ण जाईपर्यंत अंगठ्याने दाबा. अर्धवट बसलेला फ्यूज काही दिवस चालतो, मग तापतो. चावी चालू करा, ती वस्तू चालते का बघा, झाकण घट्ट लावा. बोनेटखालच्या बॉक्सचं झाकण नीट बसलं नाही तर पावसाचं पाणी आत जातं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा अशा किनारपट्टीच्या भागात खाऱ्या हवेने फ्यूजच्या पायांवर हिरवट-पांढरा थर चढतो. तिथल्या वाचकांनी वर्षातून एकदा तरी दोन्ही झाकणं उघडून बघावीत.

आता मुख्य प्रश्न. बदललेला फ्यूज महिनोन् महिने टिकला, तर विषय संपला. फ्यूज जुना झाला होता, किंवा एखाद्या क्षणी भार वाढला होता, असं समजायचं. पण तो लगेच किंवा दोन-चार दिवसांत परत उडाला, तर तिसरा फ्यूज बसवू नका. गाडी काही तरी सांगते आहे. कधी उडतो, हे लक्षपूर्वक पाहिलं की अर्धं निदान होतं. चावी फिरवताच उडतो की पार्किंगचे दिवे लावल्यावर? रिव्हर्स टाकल्यावर उडत असेल तर रिव्हर्सचा दिवा, कॅमेरा किंवा त्यांच्या वायरी. टेल लाइटचा उडत असेल तर मागच्या दिव्यांचे होल्डर काढून आत पाणी किंवा गंज आहे का पाहा, आणि बल्ब काढून ठेवून एकेक परत बसवत जा. ज्याने उडतो तो दोषी. हॅचबॅक गाड्यांत डिकीच्या दारात जाणाऱ्या वायरी एका रबरी नळीतून जातात. दार हजारदा उघड-बंद होऊन त्या आतल्या आत तुटतात आणि एकमेकींना टेकतात. नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, डिकीचं लॉक अशा तक्रारी एकत्र येत असतील तर ती नळी बाजूला सारून बघा. सगळं बंद करूनही फ्यूज उडत असेल तर वायरच कुठे तरी लोखंडाला घासली आहे. तिथून पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं.

उंदीर हे आपल्याकडचं फार मोठं कारण आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गरम इंजिनच्या आश्रयाला ते येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. बोनेट उघडल्यावर लेंड्या, धान्याची टरफलं, कापसाचे पुंजके दिसले आणि त्याच आठवड्यात फ्यूज उडाला असेल, तर गाडी चालवत राहू नका, आधी वायरिंग तपासून घ्या.

दुसरं मोठं कारण आपण स्वतः विकत आणतो. गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर अनेकदा 120 वॉटची मर्यादा लिहिलेली असते. वॉटला 12 ने भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे ही मर्यादा 10 अँपिअरची. टायरमध्ये हवा भरायचा पंप 150-180 वॉटचा असेल तर तो 12.5 ते 15 अँपिअर ओढणार. एक टायर भरेपर्यंत फ्यूज टिकेलही, चौथ्याला उडेल. असा पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्यावा. सॉकेटमध्ये पडलेलं नाणंही फ्यूज उडवतं. लहान मुलं असलेल्या घरात ते आधी तपासावं. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, जादा वॉटचे बल्ब बसवताना मूळ वायर कापून जोड देणारे कारागीर जागोजागी आहेत. त्यांना स्पष्ट सांगा: स्वतंत्र वायर, मध्ये रिले, आणि बॅटरीच्या अगदी जवळ त्या वायरीचा स्वतःचा फ्यूज. हे करायची तयारी नसेल तर ते काम तिथे करू नका. मूळ वायरिंग कापलं की विजेच्या भागांची वॉरंटीही कंपनी नाकारू शकते. डॅशकॅमसाठी फ्यूज बॉक्समध्ये बसणारा तयार जोडफ्यूज मिळतो, वायर सोलून पिळण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे.

काही फ्यूजना घरी हात लावू नये. एअरबॅगचा दिवा मीटरवर लागून राहिला असेल तर थेट वर्कशॉपमध्ये जा. एबीएस आणि पॉवर स्टिअरिंगचे फ्यूज वारंवार उडत असतील तरी तेच. बॅटरीजवळ नट-बोल्टने आवळलेले 60, 80, 100 अँपिअरचे मुख्य फ्यूज असतात. जंप स्टार्ट करताना केबल उलटी लागली की बहुधा तेच जातात, आणि त्यांच्याबरोबर आणखी काय गेलं हे तपासल्याशिवाय ते बदलण्यात अर्थ नाही. सीएनजी किटचा फ्यूज किट बसवणाऱ्या जाणकारानेच पाहावा. इलेक्ट्रिक गाडीतले 12 व्होल्टचे छोटे फ्यूज इतर गाड्यांसारखेच असतात, पण केशरी रंगाच्या जाड केबलींच्या आसपास काहीही उघडू नका. तिथला व्होल्टेज जीव घेणारा असतो. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी फ्यूज बदलून सुरू करून पाहण्याचा मोह टाळा. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईकरांना अशा पाण्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. चावी न फिरवता बॅटरीची वायर सोडवा आणि गाडी ओढून न्या.

रस्त्यात जवळ फ्यूज नसेल तर बॉक्समध्येच शोधा. काही गाड्यांत जादा फ्यूज दिलेले असतात. तेही नसतील तर रेडिओ किंवा चार्जिंग सॉकेटचा तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच आकाराचा फ्यूज काढून वायपरला किंवा हेडलाइटला लावा, घरी पोचल्यावर नवा आणा. खरं तर 10, 15 आणि 20 चे दोन-दोन, 7.5, 25 आणि 30 चा एकेक, एवढे फ्यूज छोट्या डबीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकले की ही वेळच येत नाही. घेताना ज्याच्यावर आकडा आणि उत्पादकाचं नाव नीट छापलेलं आहे असेच घ्या. नावगाव नसलेल्या स्वस्त पाकिटातला फ्यूज वेळेवर उडेलच याची खात्री नसते, आणि वेळेवर न उडणारा फ्यूज नसल्यातच जमा.

शेवटी एक विनंती. हॉर्न गेला तर लगेच कळतं, वायपर गेला तर दिसतं, पण ब्रेक लाइटचा फ्यूज गेला हे चालवणाऱ्याला कळत नाही. ते मागून येणाऱ्या ट्रकला कळतं, आणि तेही उशिरा. महिन्यातून एकदा रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा, भिंतीवर लाल उजेड पडतो का. नाही पडला, तर सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी बल्ब आणि फ्यूज दोन्ही तपासा.